दांड्याआधी सांधा: जुन्या बग्गीच्या शिफ्टरचे धडे

१९६४ साली ब्रूस मायर्स यांनी कॅलिफोर्नियात फायबरग्लासची पहिली मँक्स बग्गी बांधली. १९६७ च्या मेक्सिकन १००० शर्यतीत मँक्सच पहिली आली आणि फोक्सवॅगन बीटलच्या पॅनवर, म्हणजे तळाच्या सांगाड्यावर, उभ्या केलेल्या बग्ग्यांचं वेड पसरलं. लॉस एंजेलिसजवळ राहायला आल्यावर मलाही ते लागलं. त्यातही जीव जडला तो हर्स्ट, एम्पी अशा कंपन्यांच्या जुन्या शिफ्टरवर, म्हणजे गिअरच्या दांड्यावर. गाडी चालवताना हात सतत त्याच्यावर असतो. तो मूळचा असला की गाडीची ओळख हातालाच पटते.

१. शिफ्टर शोधायला निघण्याआधी मागच्या सीटची जागा बघा. गिअर सैल पडतो, तिसरा चाचपडावा लागतो, म्हणून लोक दांडाच बदलतात. दोष बहुतेक वेळा दांड्यात नसतो. बीटलच्या पॅनमधल्या बोगद्यातून एक लांब रॉड मागे गिअरबॉक्सपर्यंत जातो. मागची छोटी झाकणी उघडली की दोघांना जोडणारा कपलर दिसतो. त्यातले रबरी बुश इतक्या वर्षांत बोटाने चुरतात. बोगद्यात रॉडला आधार देणारा प्लॅस्टिकचा बुशही झिजून गेलेला असतो. हे दोन्ही बदला, कपलरचा चौकोनी डोक्याचा स्क्रू घट्ट करून त्याला तार बांधा, आणि मग ठरवा शिफ्टर हवा की नको. माझ्या मते निम्म्या गाड्यांचा प्रश्न इथेच मिटतो.

२. पॅन छाटलेला असेल तर रॉडही छाटलेला असतो. मँक्ससारख्या बग्गीसाठी पॅन सुमारे साडेचौदा इंच कमी करतात, तेवढाच रॉड कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो. रॉडच्या मागच्या टोकाला स्क्रू बसायला एक खळगा असतो आणि पुढच्या टोकाला दांड्याचा गोळा बसायची वाटी. वेल्ड करताना या दोन्हींचा कोन जरा जरी फिरला, तर दांडा एका बाजूला कलतो आणि एखादा गिअर पडतच नाही. मग वर कितीही उंची शिफ्टर बसवा, उपयोग शून्य.

३. शोधायचं तर पोमोनाच्या स्वॅप मीटला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या भागांच्या बाजाराला, पहाटे जा. मांडून ठेवलेल्या चकचकीत मालाकडे नंतर बघितलं तरी चालतं, आधी टेबलाखालची खोकी उपसा. शिफ्टर हातात घेतला की तळाचा गोळा बघा. त्याच्यावर नख फिरवलं की झिजून सपाट झालेली कड लगेच लागते. तो गुळगुळीत गोल असेल तर वरचा गंज क्षुल्लक समजा.

४. साफसफाईत घाई नको. सुटा करताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, कारण स्प्रिंग उलटी बसली तरी बसल्यासारखी वाटते. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते रॉकेलमध्ये रात्रभर भिजू द्या, सकाळी जुन्या टूथब्रशने निघतं.

५. क्रोमला सँडपेपर लावू नका. ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, वरवरचा गंज जातो. बारीक खड्डे राहतात, ते राहू द्या. नव्याने क्रोम करताना आधी जोरात पॉलिश करतात आणि त्यात कंपनीची कोरलेली अक्षरं पुसट होतात. ती अक्षरं गेली की जुन्या शिफ्टरची किंमत माझ्या लेखी संपली.

६. मुठीचे आटे मोजून घ्या. १९६८ पासूनच्या बीटलच्या दांड्याला १२ मिलिमीटरचे आटे आहेत, त्याआधीचे बारीक.

७. रिव्हर्सची अडकण नीट चालल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. बीटलमध्ये रिव्हर्स दुसऱ्या गिअरच्या शेजारीच असतो. इंजिन बंद ठेवून तिसऱ्यावरून दुसरा पुन्हा पुन्हा टाकून बघा. दांडा एकदाही डावीकडे घसरला तर त्या अडकणीची खाच किंवा स्प्रिंग आधी बदला.

तुमच्या गॅरेजमध्ये असा एखादा शिफ्टर पडून असेल तर भंगारात टाकू नका. बग्गी उभी करणाऱ्या कुणालातरी द्या, आणि देताना त्याच्या स्प्रिंगा, पट्ट्या, बोल्ट एका पिशवीत घालून शिफ्टरलाच बांधा. सुटे झाले की ते पुन्हा मिळत नाहीत.