दाखल क्रमांक आणि साठवणीचा बदल

तंजावरच्या उत्तरेस कावेरीतीरी तिरुवैयारु हे क्षेत्र वसले आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांचा थोर संग्रह असून दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) त्यात मोलाची भर घातली. समजा, तिरुवैयारुच्या एका शाळेने आपल्या लहानशा पोथीसंग्रहाची नोंद मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये भाषावार ठेवली आहे. मराठीच्या पोथ्या ४० व तमिळच्या ९०. प्रत्येक भाषेचा दाखल क्रमांक १ पासून सुरू होतो. भाषा व क्रमांक मिळून पोथीची ओळख ठरते.

मायआयसॅम या जुन्या साठवणपद्धतीत हा क्रमांक आपोआप वाढतो. त्या भाषेतील सर्वांत मोठा क्रमांक पाहून त्यात १ मिळविला जातो. परंतु व्यवहार अर्धवट राहिल्यास नोंदी पूर्ववत करण्याची सोय तीत नाही. ती सोय असलेली इनोडीबी पद्धती ५.५ या आवृत्तीपासून (२०१०) मूळ पद्धती म्हणून दिली जाऊ लागली.

कोष्टक इनोडीबीत नेऊ लागताच १०७५ क्रमांकाची त्रुटी येते. त्याचे कारण असे : शब्दकोशात शब्द पहिल्या अक्षरावरून लावलेले असतात, दुसऱ्या अक्षरावरून शब्द शोधू म्हटल्यास सापडत नाही. आपली सूची प्रथम भाषेने व मग क्रमांकाने लावलेली आहे. इनोडीबी मात्र संपूर्ण कोष्टकासाठी एकच गणक ठेवते. म्हणून तिला क्रमांकापासून सुरू होणारी सूची लागते.

क्रमांकाची स्वतंत्र सूची जोडली की त्रुटी नाहीशी होते व जुने क्रमांक तसेच राहतात. पण पुढच्या मराठी पोथीस ४१ न मिळता ९१ मिळतो! मग मधल्या पन्नास पोथ्या गहाळ झाल्या, असा समज होण्यास कितीसा वेळ?

भाषावार क्रम राखावयाचा असल्यास क्रमांकाची आपोआप होणारी वाढ काढून टाकावी आणि प्रत्येक भाषेचा शेवटचा क्रमांक वेगळ्या कोष्टकात ठेवावा. नवी नोंद करताना त्या भाषेची ओळ कुलूपबंद करून क्रमांक वाढवावा व त्याच व्यवहारात पोथी नोंदवावी. यात आणखी एक लाभ आहे. मायआयसॅममध्ये शेवटची नोंद पुसल्यास तिचा क्रमांक दुसऱ्या पोथीस जातो; येथे तसे घडत नाही.

बदलापूर्वी कोष्टकाची प्रत काढावी. बदलानंतर प्रत्येक भाषेतील नोंदींची संख्या व सर्वांत मोठा क्रमांक ताडून पाहावा. पोथीवर लिहिलेला क्रमांक व कोष्टकातील क्रमांक जुळेनासे झाले, तर पोथी कपाटात असूनही वाचकाला हरवल्यासारखीच होते.

स्वाध्याय : संस्कृतच्या ६५ पोथ्या याच कोष्टकात असतील, तर वरील दोन उपायांनी पुढच्या संस्कृत पोथीस कोणकोणते क्रमांक मिळतील?