सुश्रुतांच्या पाठशाळेतील भोपळा

शस्त्रक्रिया शिकणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी जिवंत माणूस देता येत नाही. मग त्याचा हात तयार कसा व्हायचा? या प्रश्नाचे उत्तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘सुश्रुतसंहिता’ या संस्कृत ग्रंथात सापडते. काशीचे राजे दिवोदास धन्वंतरी यांनी सुश्रुत आदी शिष्यांना केलेला उपदेश, अशी या ग्रंथाची मांडणी आहे.

त्यातील सूत्रस्थानाचा नववा अध्याय केवळ सरावाविषयी आहे. सरावाला तेथे ‘योग्या’ म्हटले आहे. त्यातील काही पाठ पाहू.

१. छेदन (कापणे) : कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर.
२. भेदन (फोडणे) : पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर.
३. लेखन (खरवडणे) : केसाळ, ताणलेल्या कातड्यावर.
४. वेधन (शीर टोचणे) : मृत जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर.
५. एषण (सळईने जखमेचा माग घेणे) : किडीने पोखरलेल्या लाकडात.
६. सीवन (शिवणे) : पातळ व जाड कापडाच्या काठांवर आणि मऊ कातड्यावर.

पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर होई. नीट पाहिले तर प्रत्येक वस्तू विचारपूर्वक निवडलेली दिसते. कमळाचा देठ शिरेसारखा नाजूक, तर पोखरलेल्या लाकडातील वाट जखमेसारखी वाकडीतिकडी. शरीराची रचना शिकण्यासाठी प्रेत गवतात गुंडाळून सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवावे, मग एकेक थर हळूहळू घासून काढून आतील अवयव डोळ्यांनी पाहावेत, असेही हा ग्रंथ सांगतो.

पोथी पाठ आहे पण हात चालत नाही, किंवा हात चालतो पण शास्त्र ठाऊक नाही, असे दोन्ही वैद्य या ग्रंथाने अपुरे मानले आहेत. एका पंखाच्या पक्ष्याला उडता येईल का?

हातातील विद्या किती टिकते, याचे उदाहरण पुण्याजवळचे आहे. कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक तेथे कपाळाच्या कातडीने पुन्हा घडवले गेले. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याचे वर्णन छापून आले. शस्त्र चालवणारा माणूस वीटकाम करणाऱ्या जातीतील होता, असे त्यात म्हटले आहे.

पालकहो, प्रयोगवही सुंदर अक्षरात भरलेली असते. पण त्यातील किती प्रयोग मुलांनी स्वतः केलेले असतात? दुसऱ्याची वही पाहून उतरवलेला प्रयोग गुण देतो, हात देत नाही. विश्वस्त मंडळींनाही आमची विनंती आहे की, प्रयोगशाळेचा तास वेळापत्रकातून कधी कापला जाऊ नये.

करून पहा : घरातील कोणाच्याही मनगटावर स्वच्छ कापडाची पट्टी बांधा. ती सैल नको आणि बोटे बधिर होतील इतकी घट्टही नको. कितव्या प्रयत्नात जमली, ते वहीत लिहून आणा.