एक नंबर मोठा घेऊन भागत नाही

शिंप्याकडे जुना ब्लाऊज नेऊन द्यायचा, 'हा मापाचा आहे, असाच शिवा' म्हणायचं आणि घरी यायचं, ही माप देण्याची आपल्याकडची सर्वांत रूढ पद्धत. पंचविशीत बसलेला ब्लाऊज पस्तिशीपर्यंत मापाला चालतो. मग कधीतरी त्याची एक शिवण उसवली जाते, नंतर दुसरी, आणि आतली माया संपली की 'यापेक्षा अर्धा इंच सैल' अशी तोंडी दुरुस्ती सुरू होते. पंचेचाळिशीच्या आसपास ही युक्ती चालेनाशी होते.

माझ्या बाबतीत ते भाचीच्या लग्नात घडलं. हळदीपासून स्वागत समारंभापर्यंतचे सगळे ब्लाऊज एका जुन्या मापावर, 'सगळीकडून इंचभर सैल' असं सांगून एकदम शिवायला टाकले होते. आले तेव्हा छातीत ठीक होते. पण खांदे उतरत होते, गळा पुढून फुगत होता आणि बाही दंडात इतकी आवळत होती की अक्षता टाकायला हात वर जाईना. शिंप्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं. सगळीकडून इंचभर कापड वाढलं होतं. शरीर मात्र सगळीकडून इंचभर वाढलेलं नव्हतं.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते. त्याआधीची काही वर्षं इस्ट्रोजेन चढ-उतार करत घसरत असतं आणि तोवर मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. म्हणूनच वजनकाटा तोच आकडा दाखवत असतानाही कमरेचं बटण लागत नाही. त्याच सुमारास स्नायू झिजू लागतात, नितंब चपटे होतात. स्तनांतल्या ग्रंथींची जागा हळूहळू चरबी घेते आणि ते खाली उतरतात. पाठीचा वरचा भाग किंचित पुढे वाकतो. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत उंची साधारण सेंटिमीटरभर कमी होते. दंड भरतात, पण खांद्यांची रुंदी होती तेवढीच राहते. म्हणजे कुठे वाढ, कुठे घट, कुठे काहीच नाही.

हे काही चार-दोघींचं दुखणं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच कमरेची आणि नितंबांची मापं घेतली गेली. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींचं कमरेचं माप नितंबांच्या प्रमाणात जास्त भरलं.

तयार कपड्यांचे नंबर मात्र वेगळ्याच गृहीतकावर चालतात. कारखान्यात एका मापाचा मूळ नमुना बनतो आणि पुढचे नंबर त्याच नमुन्याला ठरावीक प्रमाणात वाढवून काढले जातात. एलवरून एक्सएलवर गेलं की छातीबरोबर खांदा, गळा, मुंढा, बाहीची लांबी सगळंच वाढतं. पोटासाठी घेतलेला एक्सएल कुर्ता खांद्यावरून ओघळतो तो यामुळे.

हे नंबरसुद्धा कुणाच्या शरीरावरून आले, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी १९३९-४०मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली. त्या मापांच्या आधारे तिथे १९५८मध्ये प्रमाणित नंबर ठरले आणि १९८३मध्ये ते मागेही घेतले गेले. तेव्हापासून ज्या त्या कंपनीचा ज्याचा त्याचा नंबर. भारतात तर बराच काळ अमेरिका-युरोपचेच तक्ते थोडेफार बदलून वापरले गेले. म्हणूनच निफ्ट या फॅशन शिक्षणाच्या संस्थेने 'इंडियासाइझ' हे सर्वेक्षण हाती घेतलं. १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापं त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची, असं त्याचं उद्दिष्ट होतं. दुकानातल्या कपड्यांवर त्याचा परिणाम दिसेपर्यंत लेबलवरचा आकडा ही फक्त सुरुवात समजावी. एका दुकानात एल आणि शेजारच्या दुकानात डबल एक्सएल बसला, तर त्या दोन दुकानांच्या दरम्यान कुणी जाड झालेलं नसतं.

मग माप घ्यायचं कसं? सर्वांत आधी आतले कपडे. ब्रेसियरचं इलास्टिक सैल झालेलं असेल, तर त्यावर घेतलेलं ब्लाऊजचं प्रत्येक माप चुकतं. आधार पट्ट्यांपेक्षा छातीखालच्या बेल्टने द्यायचा असतो. खांद्यावर वळ उठत असतील, तर बहुतेक वेळा बेल्ट सैल असतो आणि सगळा भार पट्ट्यांवर येतो. नवी ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या हुकावर नीट बसायला हवी. पुढे ती सैल होईल तसे आतले हूक कामी येतात. ३६बी बेल्टमध्ये सैल पडत असेल, तर ३४सी पाहावी. दोन्हींच्या कपात जवळपास तेवढीच जागा असते.

त्यानंतर शिंपीदादांसमोर उभं राहून मापं द्यायची. पोट आत न ओढता, नेहमीसारखा श्वास घेत. खांदा, छाती, छातीखालचा घेर, कंबर, दंडघेर ही मापं सगळेच घेतात. मध्यमवयात तीन मापं आणखी मागून घ्यावी लागतात. एक, खांद्यापासून स्तनाग्रापर्यंतची उंची. टक्स तिथे संपतात किंवा कटोरी तिथे बसते. हा बिंदू खाली उतरलेला असताना जुन्या मापाचे टक्स वरच संपतात, आणि ब्लाऊज वर फुगलेला आणि खाली दाटलेला दिसतो. दोन, मानेपासून कमरेपर्यंतची पाठीची लांबी. पाठ थोडी वाकली की मागे जास्त कापड लागतं. ते मिळालं नाही तर ब्लाऊज मागून वर चढतो आणि गळा पुढे सुटतो. तीन, हात कोपरात वाकवून घेतलेला दंडघेर. सरळ लोंबणाऱ्या हाताचं माप पोळ्या लाटताना उपयोगाचं नसतं.

बाही घट्ट झाली की 'मुंढा मोठा करा' असं सांगायची सवय असते. त्याने बहुधा बिघडतंच. मुंढा जितका खोल, तितका हात वर करताना सगळा ब्लाऊज सोबत वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ ठेवून बाहीची रुंदी दंडात वाढवली, तर हात मोकळा फिरतो. आधीच शिवलेल्या ब्लाऊजमध्ये माया उरली नसेल, तर काखेत त्याच कापडाचा छोटा चौकोनी तुकडा घालता येतो. खांदा उतरत असेल तर काम खांद्यातच करावं लागतं, बाजूची शिवण आवळून काही होत नाही. तयार कुर्त्यालाही हाच क्रम लागू पडतो: खांद्यात आणि छातीत बसेल तो घ्यावा आणि बाकीचं अल्टर करावं. कंबर आत घेता येते, लांबी कमी करता येते, बाही आखूड करता येते. पण तयार कपड्याचा खांदा दुरुस्त करणं फार जिकिरीचं काम आहे.

आरशासमोर सुरकुत्या वाचता आल्या की निम्मं काम होतं. आडव्या सुरकुत्या म्हणजे तिथे कापड कमी. उभ्या घड्या म्हणजे जास्त. तिरक्या रेषा जिथून निघतात, तिथे बहुधा कापड हवं असतं.

कापडाचा हिशेबही बदलतो. साडीबरोबर येणारा ब्लाऊजपीस साधारण ८० सेंटिमीटरचा असतो. चाळीसच्या पुढची छाती आणि कोपरापर्यंत बाही असेल, तर तो पुरत नाही आणि मग शिंपी माया कापून काम भागवतो. मॅचिंग सेंटरमधून मीटरभर कापड घेतलेलं बरं. खणाचा पन्हा मुळातच अरुंद, म्हणून तिथे आधी शिंप्याला विचारून मगच खरेदी करावी. सुती कापड आणि अस्तर, दोन्ही शिवण्याआधी पाण्यातून काढायला हवीत. पहिल्या धुण्यानंतर 'मी जाड झाले की काय' असं वाटतं, तेव्हा पुष्कळदा अस्तर आटलेलं असतं.

मागे हूक असलेले ब्लाऊज दिसतात सुंदर, पण खांदा आखडण्याचा आजार नेमका चाळीस ते साठ या वयातच जास्त होतो, त्यातही स्त्रियांना आणि मधुमेह असलेल्यांना अधिक. हात पाठीमागे जाईनासा झाला की ते सगळे ब्लाऊज कपाटातच राहतात. आजीची चोळी पुढून उघडायची, ती सोय आजही मागून घेता येते.

घट्ट कपडे नुसते वाईट दिसतात असं नाही. करकचून बांधलेल्या पट्ट्याने पोटावर दाब येऊन आम्लपित्त वर चढतं. जीन्स किंवा पट्टा जांघेशी दाबला गेला, की मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, आग होते. तिथून जाणारी त्वचेची नस चेपली जाते. कमरेला आवळून बांधण्याची गोष्ट तर याहून जुनी. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५मध्ये, कमरेला वर्षानुवर्षं घट्ट धोतर नेसल्याने होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वयस्क स्त्रियांची हकिगत मांडली. कमरेला घट्ट बांधलेल्या वस्त्राच्या घर्षणाने झालेली जखम त्यांना वर्षभराहून अधिक काळ भरत नव्हती आणि शेवटी ती कर्करोगाची निघाली. असं क्वचितच होतं. पण परकराच्या नाडीखाली त्वचा काळी पडणं, खाज, साल निघणं हे घरोघरी दिसतं आणि त्याकडे कुणी बघत नाही. नाडीऐवजी रुंद पट्टी, नाडी रोज थोडी वर-खाली बांधणं, घरी सैल कपडे, आणि जखम काही आठवड्यांत भरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञ, एवढं पुरतं.

पुरुष यातून सुटलेले नाहीत, त्यांचा मार्ग फक्त वेगळा आहे. पँटचा नंबर वर्षानुवर्षं ३४च राहतो, कारण पँट पोटाखाली सरकत जाते. मग आसन खाली लोंबतं, मागून कापड झोळीसारखं पडतं आणि बसलं की पट्टा पोटात रुततो. पँट कमरेवर, बेंबीच्या जवळ घालून माप घेतलं, तर आकडा मोठा येतो, पण पाय सरळ दिसतात आणि शर्ट बाहेर येत नाही. शिवलेल्या पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत साधारण दीड-दोन इंच माया असते. नवी घेण्याआधी ती उसवून पाहावी. शर्टाची कॉलर ४०ची लागते म्हणून पोटही ४०च्या शर्टात मावेल असं नाही. बसल्यावर बटणांमधून बनियन डोकावत असेल, तर मोठी कॉलर घेण्यापेक्षा स्लिम फिट सोडून सैल कापाचा शर्ट घ्यावा.

इंच-टेप हातात आहेच, तर आणखी एक माप लिहून ठेवण्यासारखं आहे. भारतीयांसाठी कमरेचा घेर स्त्रियांमध्ये ८० आणि पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, असं डॉक्टर मानतात. काही आठवड्यांतच पोट फुगलं, एकच दंड सुजला किंवा एकाच स्तनाचा आकार बदलला, तर शिंप्याच्या आधी डॉक्टरांकडे जावं.

बाकी सगळं सवडीचं काम. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि लग्नसराईत कुठल्याच शिंप्याला दोनदा माप घ्यायला वेळ नसतो, ज्येष्ठ-आषाढात असतो. त्या दिवसांत टू-बाय-टू रुबियाचा एक साधा ब्लाऊज नव्या मापावर शिवून घ्यावा. तो दिवसभर घालून वावरावं: खाली बसावं, वरच्या फळीवरचा डबा काढावा, बसमधल्या दांडीला धरून पाहावं. एकदा धुवावा, पुन्हा घालावा. जिथे टोचेल, ओढेल तिथे खडूने खूण करून तो परत न्यावा. मापं तारखेसकट कागदावर लिहून घ्यावीत आणि पैठणीचा ब्लाऊजपीस त्यानंतरच शिंप्याच्या हाती द्यावा.