केळीची लागवड : फुकटचा मुनवा महाग पडतो



ज्यांच्या विहिरीस पाणी आहे असे आपल्यांतील अनेक शेतकरी केळीकडे आशेनें पाहूं लागले आहेत. खानदेशांत रावेर, यावल व चोपडा ह्या तालुक्यांत तापीच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनींत हें पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलें जातें. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु केळीनें घर वर आणलें अशीं जशीं उदाहरणें आहेत, तशीं केळीनें कर्जांत लोटलें अशींही आहेत. ह्या दोहोंतील अंतर पुष्कळदां लागवडीच्या पहिल्याच आठवड्यांत पडतें. तें कसें, हें ह्या पाठांत पाहावयाचें आहे.

१. केळ म्हणजे काय?

केळीचें जें खोड आपणांस दिसतें तें खरें खोड नव्हे. पानांच्या देठांचीं आवरणें एकांत एक घट्ट बसून तें झालेलें असतें. खरें खोड म्हणजे जमिनींतील कंद. कंदांतून निघालेला कोंब पानें देत देत वर येतो व शेवटीं त्याच्याच मधून केळफूल बाहेर पडतें. ह्यास केळ निसवली असें म्हणतात. एक खोड एकदांच घड देतें व मरतें. मग बाजूचा मुनवा, ज्यास कित्येक ठिकाणीं पील म्हणतात, त्याची जागा घेतो.

आपल्या खाण्याच्या केळ्यांत उगवणारें बीं नसतें. म्हणून मुनव्यांपासून वाढविलेली बाग म्हणजे एकाच झाडाचे अनेक तुकडे होत. मातेचा गुण लेकरांत उतरतो, तसा मातेचा रोगही उतरतो. आणि एकास जो रोग बाधतो तो सर्वांस बाधूं शकतो. मध्य अमेरिकेंत निर्यातीसाठीं ‘ग्रो मिशेल’ ह्या एकाच जातीच्या अफाट बागा होत्या. पनामा मर नांवाच्या बुरशीनें त्या इतक्या उजाड झाल्या कीं १९६० च्या सुमारास बागाइतदारांनीं ती जात सोडून कॅव्हेंडिश जात धरिली. आपल्या बसराई, श्रीमंती व ग्रँड नैन ह्या त्याच कुळांतील आहेत. आणि त्या कुळासही मारणारा मर रोगाचा नवा प्रकार बिहार व उत्तर प्रदेशांत आढळला आहे. ही बुरशी मातींत अनेक वर्षें जिवंत राहते व मुनव्याबरोबर गांवोगांव जाते.

२. माझी चूक

प्रस्तुत लेखकानें कांहीं वर्षांपूर्वीं घराजवळच्या अर्ध्या एकरांत केळ लाविली. रोपांचे पैसे वांचावे म्हणून एका स्नेह्याच्या बागेंतून मुनवे फुकट आणिले. त्या बागेंत चारदोन झाडें खुजीं होतीं, त्यांचीं पानें अरुंद व पिंवळट कडांचीं असून शेंड्याशीं झुबक्यासारखीं उभीं होतीं. खत कमी पडलें असावें, असें मीं मानिलें व विचारलें नाहीं. चौथ्या महिन्यांत माझ्याही बागेंत तोच झुबका दिसूं लागला. तो पर्णगुच्छ रोग होता. त्याचें विष मावा एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो व त्यावर औषध नाहीं. अखेर अर्ध्याहून अधिक झाडें कंदासकट खणून काढावीं लागलीं. मुनव्यांचे पैसे वांचले, पण वर्ष गेलें. त्याहून दुःखाची गोष्ट ही कीं माझें पाहून शेजारच्या एका गरीब बंधूनेंही तेथूनच मुनवे आणिले होते, आणि त्याचें शेत उसनवारीवर उभें होतें.

३. मुनवा कसा पारखावा?

प्रथम माता पाहा. जी बाग पूर्ण निरोगी आहे व जिचे घड तुम्ही डोळ्यांनीं पाहिले आहेत, तिचेच मुनवे घ्या. सुमारें तीन महिन्यांचा, तरवारीसारख्या अरुंद पानांचा, बुडाशीं जाड मुनवा उत्तम. लहान वयांतच रुंद पानें फुटलेला मुनवा पाणपील होय; त्याचा कंद दुबळा असतो. कंद चिरल्यावर आंत तांबूस रेघा किंवा किडीचीं भोकें दिसलीं तर तो टाकून द्यावा. ऐपत असेल त्यानें खात्रीच्या ठिकाणचीं ऊतिसंवर्धित रोपें घ्यावीं. तीं एकसारखीं वाढतात व घड सुमारें वर्षाच्या आंतबाहेर मिळतो.

बागेंत पर्णगुच्छाचें झाड दिसल्यास तें तसेंच उपटूं नये, कारण मावा उडून दुसऱ्या झाडांवर जातो. आधीं औषध फवारून मावा मारावा, मग कंदासह खणून नष्ट करावें.

४. पाणी व खत

जून-जुलैची लागवड ती मृगबाग, ऑक्टोबर-नोव्हेंबरची ती कांदेबाग. पांच फूट बाय पांच फूट अंतरानें एकरीं सुमारें १,७४० झाडें बसतात. भर उन्हाळ्यांत मोठ्या झाडास ठिबकनें दिवसाला सुमारें २० लिटर पाणी लागतें. म्हणजे एकरास रोज जवळजवळ ३५,००० लिटर. म्हणून विहिरीचें पाणी श्रावणांत पाहून नव्हे, तर वैशाखांत मोजून लागवड ठरवावी. पाणी अर्ध्या एकरापुरतें असेल तर अर्धाच एकर लावावा.

लागवडीच्या वेळीं दर झाडास सुमारें १० किलो शेणखत द्यावें. पुढें नत्र २०० ग्रॅम, स्फुरद ४० ग्रॅम व पालाश २०० ग्रॅम हीं एकदम न देतां हप्त्याहप्त्यानें द्यावीं. माती तपासून घेतल्यास खर्च वांचतो.

५. थंडी, वारा व करपा

थंडी १० अंशांच्या खालीं गेली कीं वाढ खुंटते व घड खोडांतच अडकतो. उन्हाळ्यांतील तप्त वारा पानें फाडतो. म्हणून बागेभोंवतीं शेवरी किंवा उंच गवताची दाट कड लावावी. घडाच्या भारानें झाड कलतें, त्यास बांबूचा टेकू द्यावा. पावसाळ्यांत करप्याचीं पिंवळट-तपकिरी ठिपक्यांचीं पानें कापून बागेबाहेर नेऊन जाळावीं. मुख्य झाड निसवेपर्यंत बाजूचे मुनवे वेळोवेळीं कापावे. नाहींतर तेच त्याचें अन्न खातात.

६. शेवटचा हिशेब

केळें पिकलें कीं थांबत नाहीं आणि भाव आपल्या हातीं नसतो. म्हणून सर्व जमीन केळीखालीं घालूं नये. घरापुरतें धान्य स्वतःच्या शेतांत असूं द्यावें. आणि कोणी मुनवे मागावयास आला तर आपल्या बागेंतील रोग त्यास आधीं सांगावा. माझ्या स्नेह्यानें तें सांगितलें नाहीं, मींही विचारलें नाहीं. दंड मात्र तिसऱ्यास पडला.

विचारासाठीं प्रश्न

१. एका बागेंतील रोग सर्व झाडांस कां बाधूं शकतो?
२. तरवारी मुनवा व पाणपील ह्यांत भेद काय?
३. तुमच्या विहिरीचें वैशाखांतील पाणी किती झाडांस पुरेल? हिशेब करून पाहा.
४. रोगी बागेचा मुनवा शेजाऱ्यास देणाऱ्याची जबाबदारी काय?