बांधायचं ते वाऱ्यासाठी

भाऊ, धुळ्याहून पत्रे किंवा प्लाय भरून नरडाण्याच्या एमआयडीसीकडे निघणार असशील, तर दोराला हात लावण्याआधी माझं ऐक. खताची गोणी आपल्या वजनानं जागेवर बसते. आठ बाय चारची शीट तशी बसत नाही. तिच्या पुढच्या कडेखाली वारा शिरला की वजनाचा भरवसा संपला.

हिशोब सांगतो. १८ मिमी प्लायची एक शीट साधारण ३२ ते ३५ किलो भरते. गाडी ताशी ६० नं चालली आणि वरची शीट उचलून वाऱ्यासमोर उभी झाली, तर तिच्यावर ५० किलोच्या आसपास जोर येतो. ८० ला तो ९० किलोच्या घरात जातो. वेग दुप्पट केला तर जोर चौपट होतो. पत्रा तर प्लायपेक्षा कितीतरी हलका.

त्यात आपला मुलूख असा की तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलंय आणि मुंबई-आग्रा रस्ता धुळ्याहून शिरपूरकडे जाताना ते आडवं कापतो. उन्हाळा सरत आला की पश्चिमेचा वारा थेट गाडीच्या कुशीवर येतो. पुढे शिरपूरला जायचं असेल तर तापीच्या पुलावर कसला आडोसाही नाही. त्या दिवसांत माल पहाटे काढ. ऊन चढतं तसा वारा वाढतो.

आधी माप, मग भाडं. ‘छोटा हत्ती’ टेम्पोचा हौदा सुमारे सव्वासात फूट लांब, शीट आठ फूट. फाळका पाडून शीट बाहेर लोंबती ठेवायची सवय सगळीकडे आहे, पण माल हौद्याबाहेर काढायला कायद्यानं मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवून घ्यायचा खर्च वेगळा. लाल फडकं बांधून दंड चुकत नाही. आणि अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती पातळ कड दिसतच नाही.

मग आठ फुटी शीट न्यायची कशी? तिरपी. मागचं टोक बंद फाळक्याच्या आत टेकव, पुढचं टोक केबिनमागच्या जाळीवर साडेतीन फुटांच्या आसपास येतं. केबिनचा आडोसा मिळतो आणि समोरचा वारा खालून शिरत नाही. पोटाखाली मधोमध लाकडी आधार दे, नाहीतर शीट झोल खाते. ही रीत थोड्या शीटांसाठीच. जास्त माल असेल तर मोठ्या हौद्याची पिकअप सांग, आणि बारा फुटी पत्र्याला १४ फुटी टेम्पोच लागतो. पत्रा वाकवून छोट्या गाडीत कोंबू नकोस. वाकलेला पत्रा छपरावर नीट बसत नाही, पावसाळ्यात तिथूनच गळतो.

पुढे फट ठेवू नकोस. ब्रेक लागला की शीटा एकमेकींवरून घसरून पुढे येतात, आणि पुढे तुझी पाठ असते. माल जाळीला भिडवून लाव. गुळगुळीत शीटांच्या मध्ये पुठ्ठा घाल.

दोर पुढून सुरू कर. सगळे जण मागचं टोक आवळतात, कारण ते डोळ्यांसमोर असतं. वारा मात्र पुढून येतो. पहिला आडवा दोर पुढच्या कडेजवळ, दुसरा मध्ये, तिसरा मागे, मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. रॅचेटचा पट्टा असेल तर उत्तम. जिथे दोर कडेवरून वळतो तिथे गोणपाट किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा घाल. पत्र्याची कड दोर कापते, आणि आवळलेला दोर प्लायचा कोपरा चुरतो. ताडपत्री घातलीस तर तिची पुढची कड मालाखाली दाब. फुगलेली ताडपत्री मालालाच उचलते.

थोडं गेल्यावर थांब. हादऱ्यांनी माल बसतो आणि दोर सैल पडतो. गावाबाहेर पडलास की बाजूला गाडी घे, उतर, प्रत्येक दोर हातानं ओढून पाहा. वाटेत सोनगीरला पुन्हा पाहा. वेग ४० च्या वर नेऊ नकोस.

काच कधीच आडवी नेऊ नकोस. ५ मिमी काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. आडवी ठेवली तर खड्ड्यात स्वतःच्याच भारानं तडकते. ती घोडीवर उभी, किंचित कलती, आणि खाली रबर हवं.

आणि सगळ्यात मोठं सांगणं. शीटा दाबून धरायला वर पोरगं बसवतात, ते तू कधी करू नकोस. पोराचं वजन पन्नास किलो, ८० च्या वेगाला वाऱ्याचा जोर त्याहून कितीतरी जास्त. शीट उडाली तर ती त्याला घेऊनच जाईल. जे काम दोराचं आहे ते माणसाला सांगायचं नाही. मालक घाई करेल, ‘एवढ्याशा अंतराला काय होतं’ म्हणेल. त्याला सरळ सांग, ‘दोर आणखी द्या, नाहीतर दोन फेऱ्या करू.’ तेही मान्य नसेल तर भाडं सोड, पण पोराला वर बसू देऊ नकोस.