पिशवी काढण्याआधी विचारा, गाठ आहे कुठे?

कच्चे तांदूळ चघळण्याची ओढ आणि पोटातली गाठ यांचा थेट संबंध असू शकतो. पाळीत रक्त फार गेलं की अंगातलं लोह संपतं, आणि मग काही बायकांना तांदूळ, माती, खडू, बर्फ असलं काहीबाही खावंसं वाटतं. मी तांदूळ निवडायला बसले की चिमूट-चिमूट तोंडात जायचे. जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन ७.४ निघालं, बाईचं निदान १२ तरी हवं.

सोनोग्राफीत गर्भाशयात तीन गाठी दिसल्या. पहिल्या दवाखान्यात रिपोर्टवर नजर टाकून सांगितलं गेलं, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाकू. ठेवलीत तर पुढे कॅन्सर व्हायचा." कॅन्सरचं नाव निघालं की घरातल्यांचे हातपाय गळतात. ऑपरेशनची तारीखही ठरली. माझी नणंद नर्स आहे. तिने फोनवर एवढंच विचारलं, "वहिनी, गाठ आहे कुठे?"

हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सगळं त्यावरच अवलंबून असतं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ. तिच्या जागी कॅन्सर निघणं अत्यंत दुर्मीळ. गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला असलेली पाच सेंटिमीटरची गाठ वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. आतल्या अस्तराखालची, पोकळीत आलेली दोन सेंटिमीटरची गाठ मात्र बाईला रक्तहीन करून सोडते. माझी तशी होती. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी सलाइनमधून लोह दिलं, मग पोटाला छेद न देता खालून दुर्बीण घालून तेवढी एक गाठ काढली. बाहेरच्या दोन अजून आहेत. सोनोग्राफीत त्यांच्यावर लक्ष ठेवतो, बाकी काही नाही.

म्हणून बायांनो, गाठीच्या मापापेक्षा रक्तस्राव मोजा. कालनिर्णयवर पाळीची तारीख आपण लिहितोच. तिच्याखाली रोज किती पॅड लागले तेही लिहा. तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, मोठ्या गुठळ्या पडत असतील, रात्री उठून बदलावं लागत असेल, पाळी सात दिवसांच्या पुढे जात असेल, तर "चाळिशीत असं होतंच" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि हिमोग्लोबिन तपासा. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा-दुधाबरोबर नको. शौच काळी होईल, घाबरायचं कारण नाही.

उपायही एकच नसतो. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या पाळीपुरत्या घेता येतात. मात्र पूर्वी कधी शिरेत गुठळी झाली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. हॉर्मोनची तांबी अनेकींना लागू पडते (साध्या तांबीने उलट रक्तस्राव वाढतो). मूल हवं असेल तर गर्भाशय राखून गाठी काढता येतात, पण त्या पुन्हा होऊ शकतात. पाळी जायला थोडीच वर्षं उरली असतील आणि त्रास सोसवण्यासारखा असेल, तर वाट पाहणं हाही उपचारच. पाळी गेली की गाठी सहसा आकसतात.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांची सरकारी पाहणी झाली. सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. हा आकडा वाचला की माझा संताप आवरत नाही. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला राज्यांना सांगितलं. पण तपासणीच्या टेबलावर प्रश्न विचारायचा तो आपल्यालाच.

माझ्या जावेची पिशवी काढली, आणि ते योग्यच होतं. तिच्या गाठी बेंबीपर्यंत पोचल्या होत्या, लघवी अडत होती, औषधं करून झाली होती. सही करण्यापूर्वी तिने फक्त एक विचारून घेतलं: अंडाशयं ठेवणार ना? ती निरोगी असताना चाळिशीत काढली तर पाळी एकदम जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तिची ठेवली. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी गाठीवर ढकलू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.