मुखपट्टी : गाळणक्षमता आणि प्रत्यक्ष संरक्षण

१९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ पसरली. चीन सरकारने हार्बिन येथे पाठविलेल्या डॉ. वू लिएन-तेह यांनी हा रोग श्वासावाटे माणसाकडून माणसाकडे पसरतो, असे प्रतिपादन केले आणि कापूस व जाळीदार कापडाच्या थरांची मुखपट्टी वापरण्याचा आग्रह धरला. फ्रेंच वैद्य मेस्नी यांनी हा सल्ला अव्हेरला. मुखपट्टीविना रुग्ण तपासल्यानंतर अल्पावधीतच ते प्लेगने दगावले. प्लेग हा जीवाणूजन्य रोग आहे, विषाणूजन्य नव्हे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. तथापि श्वासमार्गे पसरणाऱ्या रोगापासून मुखपट्टी कितपत रक्षण करते, हा प्रश्न तेव्हापासून आरोग्यशास्त्रापुढे आहे. २०२० च्या कोविड-१९ महासाथीने तो घरोघरी पोहोचविला.

गाळण कशी होते?

मुखपट्टी म्हणजे चाळणी, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. कोरोना विषाणूचा व्यास सुमारे ०.१ मायक्रॉन असतो, कापडाची छिद्रे त्याहून कितीतरी मोठी असतात, म्हणून मुखपट्टी निरुपयोगी, असा युक्तिवाद त्यातूनच जन्मला. वस्तुतः विषाणू सुटा प्रवास करीत नाही. श्वास, बोलणे व खोकला यांतून बाहेर पडणाऱ्या लहानमोठ्या तुषारांत तो असतो. शिवाय तंतूंच्या जाळ्यात कण अडकण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. मोठे कण जडत्वामुळे हवेबरोबर वळण घेऊ शकत नाहीत व तंतूंवर आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भरकटतात आणि तंतूंना चिकटतात. या दोन्ही रीतींतून अधिक निसटतात ते मधल्या आकाराचे, म्हणजे साधारणतः ०.३ मायक्रॉनचे कण. म्हणूनच चाचणी त्या आकारावर घेतली जाते. सर्वांत कठीण परीक्षेत उत्तीर्ण होणारे साहित्य त्याहून लहान कणही अधिक चांगले अडविते.

‘एन-९५’ या अमेरिकी मानकातील ‘एन’ म्हणजे तेलकट कणांना न टिकणारी आणि ९५ म्हणजे किमान ९५ टक्के कण अडविणारी गाळणी. युरोपीय ‘एफएफपी-२’ मानकात ही मर्यादा ९४ टक्के आहे. या मुखपट्ट्यांतील पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंना स्थिर विद्युतभार दिलेला असतो. त्यामुळे श्वास फार न कोंडता कण खेचले जातात. साबणाने धुतल्यास हा भार नाहीसा होतो; मुखपट्टी दिसते तशीच राहते, गाळण मात्र खालावते.

मुखपट्टीच्या कडा

हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट शोधते. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरावयाच्या तीन पदरी मुखपट्टीचे कापड उत्तम असले तरी गालांजवळच्या फटींतून हवा न गाळताच आत शिरते. ती मुळात शस्त्रवैद्याच्या तोंडातील तुषार रुग्णाच्या जखमेवर पडू नयेत यासाठी आहे. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसते, हाच तिचा खरा विशेष; दाढीमुळे ही घट्ट बसण्याची क्रियाच बिघडते.

येथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. तोंडातून निघताक्षणी तुषार मोठे असतात. हवेत ते सुकून लहान होतात. त्यामुळे उगमाशीच त्यांना अडविणे तुलनेने सोपे असते. साधी मुखपट्टी परिधान करणाऱ्यापेक्षा समोरच्याचे रक्षण अधिक करते, ते यामुळेच.

प्रयोगशाळेबाहेरचा पुरावा

व्हिएतनाममधील रुग्णालय कर्मचाऱ्यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कापडी मुखपट्टी वापरणाऱ्यांत फ्लूसदृश आजाराचे प्रमाण सर्वाधिक आढळले. मात्र तुलनेच्या गटातील अनेक जण नेहमीप्रमाणे मुखपट्टी वापरतच होते. त्यामुळे ‘कापडी मुखपट्टीपेक्षा काहीच नसलेले बरे’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. डेन्मार्कमध्ये २०२० साली सुमारे सहा हजार व्यक्तींवर झालेल्या चाचणीत संसर्गाचे प्रमाण मुखपट्टीच्या गटात १.८, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. तेथे केवळ परिधान करणाऱ्याचे संरक्षण मोजले गेले. इतरांना झालेला लाभ मोजलाच गेला नाही.

बांगलादेशातील ६०० गावांतील प्रयोग अधिक बोलका आहे. मोफत वाटप व प्रचार यांमुळे मुखपट्टीचा योग्य वापर १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेला. शस्त्रक्रियेची मुखपट्टी वाटलेल्या गावांत रक्तचाचणीने सिद्ध झालेला लक्षणयुक्त संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी, तर साठीपुढील व्यक्तींत सुमारे ३५ टक्क्यांनी घटला. कापडी मुखपट्टीचा परिणाम स्पष्ट दिसला नाही. निम्म्याहून अधिक लोक मुखपट्टीविना असताना आढळलेली ही घट आहे, हे विसरता कामा नये.

२०२३ च्या कॉक्रेन आढाव्यावरून ‘मुखपट्टी निरुपयोगी’ असा गाजावाजा झाला, तेव्हा त्या संस्थेच्या मुख्य संपादकांनीच हा अर्थ चुकीचा असल्याचे स्पष्ट केले. वापरास प्रोत्साहन देणाऱ्या उपायांची परिणामकारकता अनिर्णित राहिली, एवढेच आढाव्याने दाखविले होते. वस्तूची क्षमता व धोरणाचे यश या दोन भिन्न बाबी आहेत. परीक्षेतील उत्तरांत त्यांचीच सर्वाधिक गल्लत होते.

भारतात कणरोधक मुखपट्ट्यांसाठी आयएस ९४७३, तर शस्त्रक्रियेच्या मुखपट्ट्यांसाठी आयएस १६२८९ हे मानक आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र पाठवून झडप असलेल्या एन-९५ मुखपट्टीच्या वापराविरुद्ध सावध केले. झडपेमुळे श्वास सोडणे सुकर होते, आत येणारी हवा गाळलीही जाते. परंतु बाधित व्यक्तीचा उच्छ्वास त्याच झडपेतून न गाळता बाहेर पडतो.